उष्मा, पूर, वणवे आणि आपलं डोकं: यावर कुणी काही वाचलंय का?

कातरवेळ:

बरेच दिवस मनात घोळणारा विषय आहे, आज लिहूनच टाकते. हवामान बदलाचा विषय निघाला की पिकं, धरणं, हिमनद्या, समुद्राची पातळी या सगळ्यावर चर्चा होते. माणसाच्या डोक्यात काय होतं यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. बोललंच तर दोन सूर ठरलेले. एक, "जग बुडायला निघालंय, तुम्हाला झोप कशी लागते?" दुसरा, "दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा."

माझं सांगायचं तर वादळाचा इशारा आला की मी सारखी फोनवर नकाशा बघत बसते. वादळ दुसरीकडे वळलं तरी छातीतली धडधड काही लगेच थांबत नाही. घरचे म्हणतात, फुकटची काळजी करतेस. असेलही. पण काळजी फुकटची कधी आणि रास्त कधी, हे ठरवायचं कसं? उकाड्यात माणसं एकमेकांवर खेकसतात हे आपण बघतोच, त्यापलीकडे उष्णतेचा मनाच्या आजारांशी थेट संबंध आहे का? आणि ज्यांचं घर खरोखर पुरात किंवा वणव्यात गेलं ती माणसं पुढे सावरतात का?

जाणकारांनी लिहावं, अनुभवही चालतील. नुसतं "ध्यान करा" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको.


फटकळ:

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आधीच्या पिढ्यांनी दुष्काळ, पूर, साथीचे रोग सगळं सोसलं. घरं वाहून गेली, परत बांधली. तेव्हा कुणी समुपदेशक शोधत फिरलं नाही. आताचं खरं दुखणं म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला लागलेली आग मध्यरात्री आपल्या हातातल्या पडद्यावर दिसते. बातम्यांची अधिसूचना बंद करा, निम्मा आजार पळेल.


रिकामटेकडा:

+१ अधिसूचनेपुरता. बाकीच्यावर वाद होणार हे दिसतंय, जागा धरून बसलोय.


आकडेमोड:

फटकळराव, सोसलं हे खरं. पण सोसताना त्यांचं काय झालं याची नोंद कुणी ठेवली? ज्यांना सोसवलं नाही ते आठवणी सांगायला उरले नाहीत. ज्यांची नोंद झाली त्यांच्याबद्दल बोलू.

टॅमा कार्लटन यांचा २०१७ सालचा अभ्यास भारतातल्या १९६७ ते २०१३ या काळातल्या आत्महत्यांच्या आकडेवारीवर आहे. पीक शेतात उभं असतानाच्या हंगामात, तापमान २० अंशांच्या वर असताना, एखाद्या दिवशी ते एका अंशाने वाढलं तर देशभरात सरासरी ६७ च्या आसपास जास्त आत्महत्या होतात, असं त्यात दिसलं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पीक शेतात नसतानाच्या महिन्यांत तितकीच उष्णता पडली तरी हा परिणाम दिसत नाही. म्हणजे ऊन डोक्यावर पडून माणूस खचत नाही, ते उभ्या पिकावर पडतं आणि माणूस खचतो. उत्पन्न, कर्ज, घराची जबाबदारी या वाटेने हवामान मनापर्यंत पोचतं.

आता दुसरा अभ्यास बघा. मार्शल बर्क आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली अमेरिका आणि मेक्सिकोची काही दशकांची आकडेवारी तपासली. महिन्याचं सरासरी तापमान एका अंशाने वाढलं की आत्महत्यांचं प्रमाण अमेरिकेत ०.७ टक्के आणि मेक्सिकोत २.१ टक्के वाढतं. इथे शेतीचा हंगाम नाही, श्रीमंत-गरीब असा मोठा फरक नाही, वातानुकूलन सर्रास असलेल्या भागांतही संबंध कायम राहतो. म्हणजे पहिला अभ्यास खिशाकडे बोट दाखवतो आणि दुसरा शरीराकडे. माझ्या मते दोन्ही वाटा खऱ्या आहेत, कुठे कुठली रुंद हे जागेवर ठरतं. डॉक्टर मंडळी इथे असतील तर त्यांनी शरीराची बाजू सांगावी.

एक खबरदारी: हे लाखो माणसांच्या सरासरीचे आकडे आहेत. अमक्या माणसाने अमक्या उन्हामुळे जीव दिला, असं यातून कुणीही सिद्ध करू शकत नाही. बातम्यांत मात्र सर्रास तसंच छापतात.


निशिगंध:

मनोविकारतज्ज्ञ आहे, म्हणून शरीराची बाजू मी घेते.

पहिली गोष्ट झोप. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर टाकून शरीर ते साधतं. रात्रीची हवाच तापलेली असेल तर उष्णता टाकायची कुठे? ६८ देशांतल्या ४७ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटी पट्ट्यांवरच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास २०२२ साली आला. पारा ३० अंशांच्या खाली उतरतच नाही अशा रात्री झोप सरासरी १४ मिनिटांनी घटते. चौदा मिनिटांनी काय होतंय, असं वाटेल. पण ही सरासरी आहे. वयस्क माणसांवर आणि गरीब देशांतल्या लोकांवर परिणाम कितीतरी जास्त दिसला. आणि ज्याला आधीपासून नैराश्य किंवा बायपोलर आजार (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा) आहे त्याच्यासाठी सलग काही रात्रींची अपुरी झोप ही क्षुल्लक बाब नसते. बायपोलरमध्ये तर झोप मोडणं हे कित्येकदा उन्मादाच्या झटक्याचं पहिलं पाऊल असतं.

अमेरिकेतल्या विमाधारक प्रौढांच्या २०१० ते २०१९ मधल्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं की उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत मानसिक त्रासासाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी जास्त असतं. चिंता, नैराश्य, स्किझोफ्रेनिया, व्यसनं, सगळ्यातच वाढ. आमच्या ओपीडीत काम करणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

आता ज्याबद्दल रुग्णांना फार कमी सांगितलं जातं ते. मनोविकारांवरची बरीच औषधं शरीराच्या तापमान-नियंत्रणात ढवळाढवळ करतात. काही घाम येऊ देत नाहीत, काहींमुळे तहान लागल्याचं कळत नाही, काही मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रावरच परिणाम करतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जून २०२१ अखेरीस जी भयानक उष्णतेची लाट आली (लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला होता) तिच्यात उष्णतेमुळे ६१९ मृत्यू झाले. जवळपास सगळे घरातच दगावले, निम्म्याहून जास्त एकटे राहणारे होते. आधीच्या कोणत्या आजारामुळे धोका सर्वांत जास्त वाढला हे बघितलं तर हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारांच्याही वर स्किझोफ्रेनिया निघाला. औषधं हे त्यामागचं एक कारण. पण हा आजार असलेली माणसं बहुधा एकटी राहतात, वरच्या मजल्यावरच्या कोंदट खोल्यांत राहतात आणि "तुम्ही बरे आहात ना?" असं विचारायला त्यांच्या दारावर कुणी जात नाही, हेही कारणच आहे. त्याला औषधाची चिठ्ठी लिहून देता येत नाही.


अर्धविराम:

डॉक्टरांच्या मुद्द्याला माझी जोड. मी लिथियमवर (मनाची चढ-उतार आवरणारं औषध) आहे, बरीच वर्षं. गोळी सुरू झाली तेव्हा रक्ततपासणी, थायरॉइड, मूत्रपिंड सगळं समजावून सांगितलं होतं. उन्हाळ्याबद्दल एक अक्षर नाही. एका कडक उन्हाळ्यात हात थरथरायला लागले, चालताना तोल जायला लागला, मळमळ होतीच. घरच्यांना वाटलं अशक्तपणा. तपासणीत लिथियमची पातळी वर गेलेली निघाली.

नंतर नीट समजून घेतलं. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला बघतं, आणि सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळी तेवढीच, पण रक्तातली पातळी वाढत जाते. या औषधाची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार कमी आहे. त्यात अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली तर आणखी भर.

हे वाचून कुणी गोळी बंद करू नका. उन्हाळ्याच्या तोंडावर पातळी तपासायची, पाणी नियमित प्यायचं, मीठ एकदम कमी किंवा जास्त करायचं नाही, आणि थरथर, उलट्या-जुलाब, बोलताना जीभ जड होणं असं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, एवढं केलं की माझं तरी व्यवस्थित चालतं. माझी 'हवामान-चिंता' विचाराल तर ती ही एवढीच आहे, अगदी व्यवहारी.


निशिगंध:

अर्धविराम, तुम्ही लिहिलंय ते जसंच्या तसं दवाखान्यात लावावं असं आहे. लिथियमच्या बाबतीत अचानक बंद करणंही धोक्याचंच, आजार उलटून येऊ शकतो. बाकीच्यांसाठी: आपल्या औषधांची यादी घेऊन "यातलं उन्हाळ्यात कशाला जपायचं?" एवढा एक प्रश्न डॉक्टरांना विचारा.


फटकळ:

उष्णता, झोप, औषधं इथपर्यंत मान्य. ते शरीरशास्त्र झालं. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्याच्यावर अजून संकट आलंच नाही, तो आपल्या खोलीत बसून २०५० सालची चिंता करतो आणि त्याला म्हणे मानसिक त्रास. ही सुखवस्तू माणसांची फॅशन आहे.


वर्गशिक्षिका:

फटकळजी, वयात आलेल्या मुलांसोबत रोज असते, म्हणून लिहिते. ही फॅशन असती तर मुलांनी मिरवली असती. ती लपवतात. निबंधात एखादं वाक्य सापडतं, "मोठं होऊन काय उपयोग" अशा धाटणीचं. विचारलं की "काही नाही मॅडम, असंच".

२०२१ साली दहा देशांतल्या १६ ते २५ वयोगटातल्या दहा हजार मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात भारत, नायजेरिया, फिलिपिन्स, ब्राझीलही होते, नुसते श्रीमंत देश नव्हते. ५९ टक्के मुलं खूप किंवा अतिशय चिंतेत होती. ४५ टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की या भावनांचा रोजच्या जगण्यावर, म्हणजे अभ्यास, झोप, खाणं-पिणं यावर वाईट परिणाम होतो. आणि ही चिंता सर्वांत घट्ट कशाशी बांधलेली होती? सरकारं काही करत नाहीत, मोठ्यांनी आपल्याला वाऱ्यावर सोडलं, या भावनेशी. म्हणजे मुलं नुसती उन्हाला घाबरत नाहीत, आपल्यालाही घाबरतात.


आकडेमोड:

पाहणी ऑनलाइन होती आणि 'त्रास होतो' हे मुलांनी स्वतः सांगितलेलं, तपासून ठरवलेलं निदान नाही. तेवढं लक्षात ठेवून आकडे वाचावेत. तरीही ४५ टक्के हा आकडा निम्म्याने कमी केला तरी बराच उरतो.


निशिगंध:

कातरवेळ यांचा मूळ प्रश्न इथे येतो. हवामानाची चिंता हा आजार आहे का? रोगनिदानाच्या कोणत्याही अधिकृत यादीत तो नाही, आणि माझ्या मते नसावाही. समोर खरा धोका असताना वाटणारी भीती हा आजार नव्हे. मी वेगळं बघते. माणूस झोपतोय का, कामाला जातोय का, माणसांत मिसळतोय का? इशारा येऊन गेल्यावर, धोका टळल्यावर, शरीर खाली येतं का, की आठवडाभर तसंच ताणलेलं राहतं? तोच विचार नको असताना दिवसभर घुसतो का? मूल होऊ द्यावं की नाही असे आयुष्याचे निर्णय तिच्या भोवती अडकलेत का? यातलं बरंच काही लागू पडत असेल तर मदत घ्यावी. तो बहुधा नेहमीचाच चिंताविकार असतो, वाट फक्त हवामानाची असते.

नकाशा सारखा बघणं हे मात्र थोडं फसवं आहे. बघितलं की क्षणभर बरं वाटतं, म्हणून पुन्हा बघावंसं वाटतं, आणि प्रत्येक वेळी मेंदू शिकतो की धोका अजून आहे. हवामान खात्याची पत्रकं ठरावीक वेळेला येतात. त्या वेळेलाच बघा, मधल्या काळात नवं असं काही कळत नाही. फटकळ यांचा अधिसूचनेचा मुद्दा एवढ्यापुरता मलाही मान्य आहे.


पाणकळा:

मी आपत्तीनंतर मदतकार्याला जाणाऱ्यांपैकी. कातरवेळ यांच्या शेवटच्या प्रश्नावर अजून कुणी आलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिले काही दिवस माणसं कल्पनेपलीकडे चांगली वागतात. शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं अबोला असलेला माणूस त्याचंच घर उपसत असतो. सगळीकडे गाड्या, कॅमेरे, मदतीची पाकिटं. बाहेरून आलेल्याला वाटतं, केवढी ही जिद्द! आणि ते खोटं नसतंच. पण दोन-तीन आठवड्यांनी गाड्या कमी होतात. कॅमेरे त्याआधीच गेलेले असतात. मग उरतो चिखल, बुरशीचा वास, ओल धरलेल्या भिंती, पंचनामा, नुकसानभरपाईचे अर्ज, हरवलेली कागदपत्रं, "साहेब आज नाहीत, उद्या या". आमच्या कामात सगळ्यांना माहीत आहे की माणसं पुरात मोडत नाहीत, पुरानंतरच्या सहाव्या-आठव्या महिन्यात मोडतात. बायका रडतात, बोलतात, निदान एकमेकींजवळ. पुरुष गप्प होतात, पिणं वाढतं, घरात हात उगारला जातो. वर्षाने पुन्हा आभाळ भरून आलं की धडधाकट माणूस सामान माळ्यावर चढवायला लागतो आणि रात्रभर खिडकीशी उभा असतो.

आकडे हवेतच म्हणून: इंग्लंडमध्ये २०१३-१४ च्या हिवाळ्यात पूर आले. वर्षभराने सरकारी आरोग्य यंत्रणेने विचारपूस केली. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांच्यात आघातानंतरच्या ताणाची लक्षणं ३६ टक्के, चिंतेची २८ टक्के, नैराश्याची २० टक्के लोकांत होती. पूर न आलेल्या शेजारच्या भागांत हेच आकडे साधारण ६ ते ८ टक्के. मला जास्त बोलका वाटतो तो मधला गट. ज्यांच्या घरात पाणी आलं नाही, पण रस्ते, वीज, कामधंदा खोळंबला, त्यांच्यातही लक्षणांचं प्रमाण १० ते १५ टक्के होतं. या लोकांना मदतीच्या यादीत कुणी धरत नाही. आणि आणखी एक: ज्यांना घर सोडण्याआधी पुरेसा आगाऊ इशारा मिळाला होता, त्यांची मनःस्थिती वर्षाने तुलनेत बरी होती. अगदीच ऐनवेळी बाहेर पडावं लागलेल्यांची वाईट.

अमेरिकेतलं कतरिना वादळ २००५ चं. तिथल्या रहिवाशांना संशोधक साधारण सहा महिन्यांनी भेटले आणि परत वर्षाने भेटले. काळ जाईल तसा त्रास कमी होईल ही सगळ्यांची अपेक्षा. आघातानंतरच्या ताणाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेलं होतं. आत्महत्येचे विचार दुपटीहून जास्त. कारण? वादळ संपलं होतं, त्याने मागे ठेवलेला घोळ संपला नव्हता.

तरीही, सावरतात का, याचं उत्तर हो आहे. बहुतेक माणसं सावरतात, कुठल्याही उपचाराशिवाय. पण "वेळ हे औषध" असं म्हणून निघून जाऊ नये. वेळ तेव्हाच औषध ठरतो जेव्हा त्या वेळात छप्पर, उत्पन्न आणि माणसं परत मिळतात.


रिकामटेकडा:

अवांतर, पण रहावत नाही. पोर्टो रिकोजवळ कायो सांतियागो नावाचं एक चिमुकलं बेट आहे. तिथे १९३८ साली भारतातून नेलेल्या चारेकशे माकडांचे वंशज राहतात, शास्त्रज्ञ त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या नजर ठेवून आहेत. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया वादळाने बेटावरची बहुतेक झाडं उखडली. सावलीच उरली नाही. शास्त्रज्ञांना वाटलं आता उरलेल्या सावलीसाठी मारामाऱ्या होणार. झालं उलटंच. एरवी जवळ फिरकू न देणारी माकडं सावलीच्या पट्ट्यात एकमेकांना खेटून बसायला लागली. नवे संबंध जुळले, आणि कित्येक वर्षं टिकले. ज्यांना जास्त जण शेजारी बसू द्यायचे ती जास्त जगली.

फटकळराव, तुमच्या पूर्वजांनी सोसलं ते असंच एकमेकांना खेटून सोसलं असणार. आणि हे त्याहून जुने पूर्वज.


फटकळ:

माकडावरून माझ्यावर येणं अपेक्षितच होतं. :) पण मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. समुपदेशक नको, शेजारी हवेत.


पाणकळा:

शेजारी हवेतच. पण शेजाऱ्याचंही घर वाहून गेलेलं असतं ना. सगळ्यांची एकाच वेळी पडझड झाली की आधार द्यायला बाहेरून कुणीतरी यावंच लागतं.


माळरान:

इथे सगळी चर्चा अचानक येणाऱ्या संकटांची चाललीय. दुष्काळ असा एका रात्रीत येत नाही. त्याचा पहिला दिवस कुणाला सांगता येत नाही आणि शेवटचाही. पुरानंतर निदान लोक धावून येतात. विहीर दरवर्षी हातभर खाली जाते तेव्हा कोण येणार?

ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणी आणि दुष्काळ यांनी भोवतालचा प्रदेश पालटला, तेव्हा ग्लेन अल्ब्रेक्ट या तत्त्वज्ञाने तिथल्या लोकांचं दुःख नोंदवून ठेवलं. माणसं कुठेही गेली नव्हती. घर तेच, पत्ता तोच, पण खिडकीबाहेरचं सगळं ओळखीचं नाहीसं झालं होतं. घरी असूनच घराची आठवण येत होती. या दुःखाला कुणी भेटायला येत नाही, कारण गेलंय कोण हेच दाखवता येत नाही. आणि ज्याची उपजीविकाच जमिनीवर आहे त्याच्या बाबतीत शोक आणि कर्ज हातात हात घालून येतात. आकडेमोड यांनी वर दिलेला पहिला अभ्यास मला त्यामुळेच पटतो. हवामान बदलाचा मानसिक परिणाम म्हणून तरुणांच्या चिंतेवर जेवढं लिहून येतं, त्याच्या दहावा हिस्सा तरी पन्नाशीतल्या कर्जबाजारी माणसावर यावं.


वर्गशिक्षिका:

माळरान, सहमत. कॅनडाच्या क्वेबेकमधला एक दीर्घ अभ्यास तुमच्या बाजूने उभा राहील. १९९८ च्या जानेवारीत तिथे बर्फाचं वादळ झालं, तीस लाखांहून जास्त लोक अंधारात गेले, काहींची वीज महिन्याभराहून अधिक काळ आली नाही. त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांवर संशोधक वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आहेत. मुलांच्या बुद्धीच्या आणि भाषेच्या चाचण्यांत फरक पडला तो आई मनातून किती घाबरली होती यापेक्षा, ती प्रत्यक्षात किती दिवस विजेविना राहिली, किती हाल झाले, यामुळे. म्हणजे त्या घरात वीज लवकर पोचवणं हेच बाळाच्या मेंदूसाठी केलेलं काम होतं!


आकडेमोड:

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली हवामान आणि मानसिक आरोग्यावर धोरणपत्र काढलं. त्यात नोंद आहे की पाहणी केलेल्या ९५ देशांपैकी फक्त ९ देशांनी आपल्या हवामान-आरोग्य योजनांत मानसिक आरोग्याचा समावेश केला होता. बाकीच्यांच्या योजनेत डोकं नव्हतंच.


कातरवेळ:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टर, नकाशाचं तुम्ही सांगितलंत ते करून बघते.

आता थोडं पुढचं विचारते. नात्यातल्या एका मावशींचं घर काही महिन्यांपूर्वी पुरात गेलं. फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणतात. पण झोप नाही, वजन उतरलंय, आणि "आता माझं काय राहिलंय" असं दोनदा बोलून गेल्या. भेटायला जाणार आहे. काय बोलायचं? पुराचा विषय काढू की नको?


निशिगंध:

इतके महिने झोप नाही, वजन उतरलंय, "माझं काय राहिलंय" असं बोलणं आहे, म्हणजे त्यांना डॉक्टरांकडे नेण्याची वेळ झालीच आहे. आपत्तीनंतर पहिल्या महिन्यात दचकणं, झोप उडणं हे बहुतेकांना होतं. महिन्यानंतरही टिकलं किंवा वाढत गेलं तर थांबू नये.

पुराची हकीकत उकरून काढू नका. आघातानंतर लगेच सगळं बोलायला लावलं की मन मोकळं होतं, असा पूर्वी समज होता. त्याने फायदा होत नाही असं अभ्यासांत दिसलं आणि आता तसं न करण्याचाच सल्ला देतात. त्यांनी आपणहून विषय काढला तर मात्र ऐका, मध्ये "विसरून जा", "दुसऱ्यांचं तर याहून वाईट झालं" असं म्हणू नका.

आणि एक प्रश्न सरळ विचारा: "मावशी, जगणं नको असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं याने हलकं वाटतं. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात न्या, तुमच्या भागातली हेल्पलाइन असेल तर मावशींजवळ बसूनच फोन लावा.


अर्धविराम:

डॉक्टरांकडे न्यायला त्या नाही म्हणाल्या तर "झोपेसाठी दाखवू" असं म्हणून बघा. मनाचा डॉक्टर म्हटलं की माणसं बिचकतात, झोपेचं औषध मागायला कुणाला लाज वाटत नाही. ते खोटंही नाही.


पाणकळा:

कातरवेळ, माझं एवढंच. जाताना अर्धा दिवस नाही, पूर्ण दोन दिवस काढून जा, आणि त्यातला एक कामाचा वार असू द्या. नुकसानभरपाईचा अर्ज कुठे अडकलाय हे त्यांना विचारा. कुठेतरी अडकलेला असणारच. बँकेचं पासबुक, ओळखपत्र, घराची कागदपत्रं यातलं काय वाहून गेलं, कशाची दुय्यम प्रत मिळाली, याची एका कागदावर यादी करा. कचेरीत त्यांच्यासोबत तुम्ही रांगेत उभ्या राहा, पोच घ्या, पोच क्रमांकाचा फोटो तुमच्याही फोनमध्ये ठेवा. पुढचा पाठपुरावा तुम्ही घरी बसून करू शकता. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची घ्या. माझा अनुभव असा की आधी एक अर्ज मार्गी लागला की दवाखान्यात यायला माणसं फारशी खळखळ करत नाहीत.